इंजेक्शनचा खरा रेट

१ जानेवारी, बुधवार

नवीन वर्षाचे संकल्प. चिडायचं नाही. रोज सकाळी मार्केट यार्डापर्यंत चालायचं. कोणतीही वस्तू समोरच्यानं सांगितलेल्या भावात घ्यायची नाही. तिसरा संकल्प जुनाच, माझं पाइप-मोटारीचं दुकान त्याच्यावरच उभं आहे. पण लिहून ठेवलेला बरा.

आज थंडी फार. चालणं उद्यापासून.

५ जानेवारी, रविवार

रेणुकाला हार्टच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर हैदराबादचे, महिन्यातून एका रविवारी आदिलाबादला येतात. गर्दी मरणाची.

मामला असा. बायकोच्या माहेरी सगळ्यांच्या रक्तात जादा कोलेस्टेरॉल, जन्मापासून. तिचे वडील पन्नाशीच्या आत गेले. भाऊ पंढरी दोन वर्षांपूर्वी अंगणात दात घासता घासता गेला, वय चव्वेचाळीस. मी तेव्हाच म्हटलं होतं, या घराण्याचा माल कच्चा आहे. लग्नाच्या वेळी कोणी बोललं नाही.

गोळ्या चालू आहेत. पूर्ण डोसनं तिचे पाय इतके दुखायचे की खाली बसली तर उठता येईना. डोस अर्धा केला तर कोलेस्टेरॉल हलेना. डॉक्टर म्हणाले, आता इंजेक्शन. पेनसारखं असतं, पोटाच्या कातडीत टोचायचं, दर पंधरा दिवसांनी एक. दुसरं एक येतं, सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं, पण त्याचे एकरकमी फार जातात. मी रेट विचारला. त्यांनी सांगितला. मी मनातल्या मनात दुकानाच्या भाषेत आणला : महिन्याला एक सबमर्सिबल मोटार. दर महिन्याला मोटार आणि पाण्याचा थेंब नाही.

विचारलं, किती महिने? म्हणाले, लाइफलाँग.

विचारलं, लाइफ म्हणजे अंदाजे किती धरायचं?

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, रेणुका फरशीकडे. पेशंटकडून असा मुद्देसूद प्रश्न त्यांना कधी आला नसावा.

७ जानेवारी, मंगळवार

निर्मलहून रूपाचा फोन. आमची एकुलती मुलगी, तिथल्या सरकारी निवासी शाळेत टीचर आहे. म्हणाली, बाबा, विचार कायले करून राह्यले, उद्याच सुरू करा, अर्धे पैसे मी देते.

मी साफ नाही म्हटलं. मुलीचे पैसे घेणाऱ्यातला हा चंपतराव नाही. शिवाय तिनं अर्धे दिले तरी अर्धे उरतातच.

ठरवलं. आधी या धंद्याचा अभ्यास करायचा. छापील किंमत कोण ठरवतं, कंपनीला किती सुटतं, मधल्या लोकांना किती, मेडिकलवाला किती खातो. खरा रेट कळला की मग घ्यायचं. फार तर पंधरा दिवस लागतील.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तोपर्यंत घरगुती उपाय सुरू. आजपासून रेणुकाच्या भाजीत तेल नाही, भाकरीवर तूप नाही, तिळाचे लाडू बंद. तिच्या वाट्याचे लाडू फेकवत नाहीत म्हणून मीच खाल्ले. जवळच्या माणसासाठी काय काय करावं लागतं.

ती म्हणाली, डॉक्टर तर म्हणत होते, खाण्याचा संबंध थोडा हाय, हे रक्तातलं हाय. मी म्हटलं, डॉक्टरला भाजी कुठं माहीत?

चालायला गेलो नाही. सण.

२ फेब्रुवारी, रविवार

खुशालला घरी बोलावलं. माझा वर्गमित्र, आता इन्शुरन्स एजंट. आमची पॉलिसी त्याच्याच हातची. आठ वर्षं हप्ते भरतो, एक रुपया वापरला नाही.

खुशाल म्हणाला, पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावर चालते. नुसतं जाऊन इंजेक्शन टोचून आलं तर नाही चालत. सरकारी कार्डावर ऑपरेशनं होतात, हे औषध त्याच्यात नाही. पुष्कळ लोक इथंच अडकतात, म्हणाला.

पुष्कळ लोक अडकतात, मी अडकत नाही. तसाच उठून हॉस्पिटलमध्ये गेलो (आज डॉक्टरांचा रविवार). म्हटलं, एक रात्र अ‍ॅडमिट करा, इंजेक्शन देऊन टाका, सकाळी डिस्चार्ज. पॉलिसी चालते. तुमचंही बिल होईल. ते म्हणाले, तुमच्या मिसेसना आज अ‍ॅडमिट करण्यासारखं काहीच नाही, आणि तसं काही होऊ नये म्हणूनच तर हे इंजेक्शन.

म्हणजे ठीक असताना पॉलिसी नाही, बिघडल्यावर पॉलिसी. सिस्टीमच उलटी आहे. हे मी घरी रेणुकाला समजावून सांगितलं आणि सहज सुचवलं की एखाद्या दिवशी तिनं जरा छाती धरून बसावं. एकाच रात्रीचा प्रश्न. खोटं नाही, आगाऊ खरं.

ती भांडी घासत होती. म्हणाली, माह्या भावानंबी छातीच धरली होती.

आणि पुढची कढई घासायला घेतली. मी विषय वाढवला नाही. चिडायचं नाही हा संकल्प पाळला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

इंजेक्शन कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. एक बाई हिंदीत फार गोड बोलल्या. स्कीम आहे म्हणाल्या : सुरुवातीची काही पेनं विकत घ्या, डॉक्टरची सही आणि बिल पाठवा, मग पुढची काही पेनं आमच्याकडून फ्री. सरासरी काढली तर खर्च जवळपास अर्ध्यावर येतो.

मी हसलो. दहा पाइपांवर एक एल्बो फुकट ही स्कीम मीच वीस वर्षं चालवतो. एल्बोचे पैसे कुठून निघतात ते मला कोणी शिकवायचं? बाईंना म्हटलं, आधी फ्रीवाली पाठवा, मग विकतची घेतो. त्या म्हणाल्या, सर, तसं होत नाही. मी जीएसटी नंबर सांगितला, डीलर रेट मागितला. त्या म्हणाल्या, सर, तुम्ही पेशंट आहात की डीलर?

फोन ठेवला. धंदेवाल्याला इज्जत राहिली नाही.

रेणुकानं विचारलं, काय झालं? म्हटलं, बोलणी चालू आहेत.

२ मार्च, रविवार

अभ्यास जवळजवळ पूर्ण. छापील किमतीत कोण कोण बसलंय ते सगळं कळलं. शहरातल्या मेडिकलवाल्यांचे भाव कळले, मोबाइलवर मागवलं तर किती आणि बर्फाच्या डब्यात कसं येतं तेही कळलं. या विषयात आदिलाबाद जिल्ह्यात माझ्या तोडीचा माणूस नाही. बाजारात आणखी कंपन्या उतरणार आहेत म्हणतात, मग भाव पडतील. अशा वेळी घेणारा मूर्ख ठरतो. कापूसही घाईनं विकू नये, इंजेक्शनही घाईनं घेऊ नये.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

टीव्ही घेतला. पंचावन्न इंची. पाडव्याची ऑफर होती, आजच्या दिवसापुरती, थांबणं शक्यच नव्हतं. रेणुकाला पटलं नव्हतं हे दिसत होतं. मी आपणहून समजावलं : टीव्ही ही वस्तू आहे, भिंतीवर दिसते, दहा वर्षं राहते. इंजेक्शन आत गेलं की गेलं, कुणाला दाखवता येत नाही.

ती म्हणाली, हो, नाई दाखवता येत.

पटलं तिला.

६ एप्रिल, रविवार

पुन्हा डॉक्टर. रेणुकाचं एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) वाढलंय. तीन महिने बिनतेलाची भाजी खाऊनही! मी तिच्याकडे रागानं पाहिलं. चोरून खात असणार.

डॉक्टरांनी विचारलं, इंजेक्शन सुरू केलं? मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. ते तेलुगूत नर्सला काहीतरी म्हणाले. मला तेलुगू भावतावापुरतं येतं, त्यामुळं सगळं कळलं नाही. बहुतेक कौतुक.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, बसनं घरी जाते, मले फुकट हाय. बायांना बस फुकट. या राज्यात चाललेली ही एकच स्कीम.

८ मे, गुरुवार

जिंकलो!!

खुशालचा मेहुणा नागपूरला औषधांच्या होलसेलमध्ये आहे. त्याच्याकडे दोन पेनं, जूनअखेर एक्स्पायरी, म्हणून निम्म्याहूनही कमी भावात. बिल मिळणार नाही. बिल काय करायचं? दोन पेनांत एक महिना निघतो. चार महिने लोक मला काय काय म्हणत होते, रूपा तर फोनवर सरळ बोलायची बंद झाली होती. आता सांगा. थांबलो म्हणूनच मिळालं ना?

रेणुकाला सांगितलं, तुझं इंजेक्शन येतंय. ती उठून देवापुढं गेली. आधी माझ्या पाया पडायला हरकत नव्हती.

११ मे, रविवार

पार्सल ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरबरोबर आलं. बर्फ मागितला होता, त्याचं पाणी झालं होतं, डबा गरम. नागपूरहून इथपर्यंत आणि ऊन पंचेचाळीसचं. ड्रायव्हर म्हणाला, मालक, मीच अर्धा शिजलो, तुमच्या औषधाचं काय घेऊन बसले.

डोकं चालवलं. जितकं गरम झालं तितकं थंड करायचं, सरासरी बरोबर येते. पेनं सरळ फ्रीजरमध्ये टाकली, आइसक्रीमच्या शेजारी.

१२ मे, सोमवार

सकाळी रेणुकाला घेऊन हॉस्पिटलमध्ये गेलो. नर्सनं पेन हातात घेतलं, हलवलं, खिडकीच्या उजेडात धरलं. म्हणाली, हे फ्रीजरमध्ये ठेवलं होतं का? मी म्हटलं, हो, अगदी कडक. ती म्हणाली, एकदा गोठलं की हे औषध वाया जातं, फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवायचं असतं, फ्रीजरमध्ये नाही, कागदावर लिहिलेलं आहे. मी देणार नाही.

कागद पाहिला. लिहिलेलं आहे. अक्षर मुंगीएवढं. माणसानं वाचावं असं वाटत असेल तर मोठं छापावं.

नशीब, रेणुका तेव्हा बाहेर बाकावर होती. तिला सांगितलं, इथली नर्स बाहेरचा माल टोचत नाही, त्यांना त्यांच्याच मेडिकलचं खपवायचं असतं. आपण तामसीला जाऊ.

१३ मे, मंगळवार

तामसी हे आमचं मूळ गाव. तिथं उद्धवराव आहेत. पूर्वी एका डॉक्टरकडे कंपाउंडर होते, आता स्वतःच डॉक्टरकी करतात. त्यांना पेन दिलं. त्यांनी उलटसुलट केलं, म्हणाले, याले सुई कुठं हाय? मग सापडली. रेणुकानं डोळे मिटले. टोचलं.

दुसरं पंधरा दिवसांनी.

मी विचार केला आहे. गोठलं म्हणजे सगळंच गेलं असं नर्स म्हणते, पण पाणी गोठून वितळलं तरी पाणीच असतं. पन्नास टक्के तरी गुण राहिला असेल. किंमतही पन्नास टक्केच दिली आहे. हिशेब चोख.

तिला फ्रीजरचं सांगितलं नाही. टेन्शननं कोलेस्टेरॉल वाढतं.

२७ मे, मंगळवार

दुसरं पेनही झालं. उद्धवराव आता एकदम सराईत. फी घेत नव्हते, मी दुकानातला एक नळ दिला (किंचित गळका).

८ जून, रविवार

आज एक गोष्ट घडली ती लिहून ठेवतो.

रेणुकानं शेवयांची खीर केली. स्वतः खाल्ली नाही, मला वाढली. मग समोर बसून म्हणाली, पंढरी गेल्यापासून मी रोज झोपताना विचार करो, सकाळी उठीन का नाई. आता ते जाऊन राह्यलं. तुमी केलं माह्यासाठी. मले वाटलं नव्हतं तुमी कराल.

लग्नाला एकतीस वर्षं झाली. असं ती कधी बोलली नव्हती.

मी म्हटलं, त्यात काय, आपलं कर्तव्य. खीर फार उत्तम झाली होती. दोनदा घेतली.

यावरून सिद्ध होतं की इंजेक्शनचा गुण येतो आहे. चेहऱ्यावर तेज आहे. पुष्कळसा आजार मनाचाच असतो.

२९ जून, रविवार

रेणुका विचारत होती, पुढचं पेन कधी? डॉक्टर तर जन्मभर म्हणले होते. मी म्हटलं, नागपूरच्या मालाचा असर दिवाळीपर्यंत राहतो, तिकडच्या मोठ्या डॉक्टरनं खुशालच्या मेहुण्याला सांगितलंय. तिनं मान हलवली. मी सांगितलं की तिला पटतं, हा तिचा मोठा गुण.

२० जुलै, रविवार

रूपा आली होती. म्हणाली, आईची रक्ततपासणी करून घेऊ, इंजेक्शननं किती उतरलं ते कळेल. मी म्हटलं, तपासणीचे पैसे कशाला, आई स्वतः म्हणते बरं वाटतंय. रेणुकाही म्हणाली, हो गं, बरी हाओ मी, जिनाबी चढतो आता. आणि खरंच चढून दाखवला. वर पोचल्यावर थोडा वेळ कठड्याला धरून उभी राहिली. वयानं होतं.

रूपा माझ्याशी पुन्हा नीट बोलायला लागली आहे. जाताना म्हणाली, बाबा, मी उगंच रागावली होती. मी मोठ्या मनानं माफ केलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

पुरणपोळ्या. रेणुकानं पहाटेपासून चुलीशी केल्या, दुकानच्या माणसांनाही डबे दिले. मी पाच खाल्ल्या. तिलाही एक खायला लावली, म्हटलं, खा, आता तू इंजेक्शनवर आहेस.

२३ ऑगस्ट, शनिवार. सकाळ

रेणुका म्हणते छातीवर दगड ठेवल्यावानी वाटते, जबडा दुखते. घाम. मी ओळखलं. पुरणाचा गॅस. सोडा दिला.

म्हणाली, पंढरीचंबी असंच… मी म्हटलं, पंढरी इंजेक्शनवर होता का? तू इंजेक्शनवर आहेस. तुला होऊच शकत नाही.

हे ऐकून तिला धीर आला. पडून राहते म्हणाली. दुकानात जातो, गुडीहत्नूरचं एक गिऱ्हाईक मोटारीसाठी येणार आहे. तीन मोटारी. मोठी ऑर्डर.

२३ ऑगस्ट, दुपार

घरी आलो तर कुलूप! शेजारची बाई म्हणाली, एकशेआठची गाडी आली होती. रेणुकानं रूपाला फोन केला, रूपानं निर्मलहून गाडी बोलावली. मला कोणी कळवायचं? नंतर पाहिलं, मोबाइलवर तिचे मिस्ड कॉल होते. भाव चालू असताना मी फोन घेत नाही, हे तिला माहीत आहे.

ऑर्डर मिळाली. तिन्ही.

२६ ऑगस्ट, मंगळवार. नागपूर

अटॅक होता. आदिलाबादच्या हॉस्पिटलनं इथं पाठवलं, आणल्यावर दोन स्टेंट टाकले. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास आधी आणलं असतं तर हार्टचा हा भाग वाचला असता. आता तेवढा भाग काम करणार नाही. मी विचारलं, किती टक्के? त्यांनी सांगितलं. तसं म्हटलं तर अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे.

एक चांगली बातमी. पॉलिसी पास! पूर्ण कॅशलेस! खुशालला फोन करून सांगितलं, आठ वर्षांचे हप्ते एका झटक्यात वसूल. तो नुसता हं हं करत होता. त्याला लोकांचं बरं झालेलं बघवत नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार. नागपूर

आज जे झालं ते मला अजून नीट समजलेलं नाही. क्रमानं लिहितो.

डॉक्टर राउंडला आले. रेणुका कॉटवर, डोळे मिटून. रूपा उशाशी. मी संधी साधून म्हटलं, डॉक्टरसाहेब, आता अ‍ॅडमिट आहेच तर ते कोलेस्टेरॉलचं इंजेक्शन याच बिलात बसवून टाका. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन तर द्यावंच लागेल, पण फाइलमध्ये मे महिन्यात दोन झाल्याचं लिहिलंय, मग एलडीएल इतकं कसं? कुठून घेतलं, कसं ठेवलं होतं?

आता माणसानं विचारलं तर सांगायला नको? मी सगळं सांगितलं. नागपूरचा सौदा, निम्म्याहून कमी भाव, ट्रॅव्हल्स, फ्रीजर. ती आदिलाबादची नर्स किती आडमुठी होती आणि मी तामसीला जाऊन कसा मार्ग काढला, तेही. डॉक्टर तरुण आहेत, त्यांना व्यवहाराची माहिती व्हावी म्हणून जरा सविस्तर सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, म्हणजे तुम्हाला माहीत होतं की ते वाया गेलेलं आहे?

मी म्हटलं, पूर्ण नाही, पन्नास टक्के.

रूपा म्हणाली, बाबा, आईले माहीत होतं हे?

मी म्हटलं, तिला टेन्शन नको म्हणून…

तेव्हा पाहिलं तर रेणुकाचे डोळे उघडे होते. माझ्याकडे नव्हती बघत. छताकडे. मग तिनं रूपाला फक्त पाणी मागितलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

डिस्चार्ज. मी गाडी आदिलाबादच्या दिशेनं ठरवली होती. रूपानं ड्रायव्हरला सांगितलं, आधी यायले दुकानापाशी उतरवा, मग आमाले निर्मलले सोडा. म्हणजे मला. मीच ठरवलेल्या गाडीतून, भाडं देऊन, मध्येच.

रेणुका मागच्या सीटवर होती. उतरताना म्हटलं, चार दिवस राहून ये. तिनं खिडकीची काच वर केली.

ठीक आहे. निर्मलची हवा चांगली. घाट जवळ, झाडी आहे. तब्येतीला मानवेल. इकडं मलाही जरा शांतता.

१४ सप्टेंबर, रविवार

शांतता आहे. टीव्ही मोठ्या आवाजात लावता येतो.

संकल्प : स्वयंपाक शिकायचा. आज ज्वारीची भाकरी केली. आकार तेलंगणाच्या नकाशासारखा. ती तव्यावरून निघेना, तव्यासकट भिजत घातली. खानावळीतून डबा लावला. भाव करून.

५ ऑक्टोबर, रविवार

व्यापारी संघटनेचं फुकट आरोग्य शिबिर. फुकट म्हणून मीही रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आला : माझं कोलेस्टेरॉल एकदम उत्तम. विशीतल्या पोरासारखं. तिथला डॉक्टर म्हणाला, अंकल, जे करताय तेच करत राहा.

रिपोर्टचा फोटो रूपाला पाठवला, आईलाही दाखव म्हणून. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. दिवाळी

दुकानात पूजा केली. लक्ष्मीसमोर गडी आणि मी. गड्यानं विचारलं, मालकीणबाई कधी येतात? म्हटलं, तब्येत सुधारली की. बोनस दहा टक्के कमी दिला, चौकशा फार करतो.

निर्मलला फोन लावला होता. रूपानं उचलला. आई झोपली आहे म्हणाली. मागून कुकरच्या शिट्टीबरोबर रेणुकाचा आवाज येत होता, कोणाला तरी हसून काहीतरी सांगत होती. झोपेत बोलायची सवय तिला पूर्वी नव्हती.

१० नोव्हेंबर, सोमवार

ठरवलं. जाऊन घेऊन यायचं. पुरे झालं. कापसाचा हंगाम, घरात माणूस नाही, खानावळीवाल्यानं भाव वाढवला. तिच्या रागावर उत्तरं तयार केली आहेत. ती म्हणेल, मले फसवलं. मी म्हणेन, हेतू पहा. ती म्हणेल, मरता मरता वाचली. मी म्हणेन, पॉलिसी कोणी भरली होती? ती रडेल, तेव्हा मी गप्प बसेन. तेवढं मला कळतं.

उदार मनानं असंही ठरवलं की इंजेक्शनचे पैसे आता मीच देणार. कंपनीच्या स्कीममधून.

१५ नोव्हेंबर, शनिवार

निर्मलला जाऊन आलो.

गुडीहत्नूरला बस थांबली तेव्हा सीताफळं घेतली. सांगितलेल्या भावाच्या अर्ध्यात. वरचा थर चांगला होता.

रूपाच्या घरी पोचलो तर रेणुका बाहेर निघतच होती. वजन उतरलंय. चालते सावकाश, पण सरळ. मला पाहून म्हणाली, अगं बाई, तुमी? बसा, पाणी घ्या. पाहुण्याला म्हणतात तसं. म्हणाली, मले दवाखान्यात जायचं हाय, इंजेक्शनचा दिवस हाय. मी म्हटलं, मीही येतो. ती म्हणाली, चला.

छोटासा दवाखाना. नर्सनं पेन फ्रीजमधून काढून टेबलावर ठेवलं, म्हणाली, अर्धा तास असंच राहू द्यायचं. रेणुका ते पेन बघत बसली. दोघी गप्पा मारत होत्या, तेलुगूत. रेणुका तेलुगू बोलायला लागली आहे. मग तिनं स्वतःच लुगडं बाजूला केलं, नर्सनं टोचलं. डोळे मिटले नाहीत.

मी नर्सला विचारलं, तुमच्याकडं हे पेन कितीला पडतं? स्कीमचं आहे की मेडिकलचं? पैसे कोण देतं?

नर्सनं रेणुकाकडं पाहिलं.

रेणुका म्हणाली, त्यायले सांगू नका.

बस. एवढंच. आवाज चढवला नाही. नर्सनं कापूस कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. या विषयात अख्ख्या जिल्ह्यात माझ्या तोडीचा माणूस नाही, आणि मला रेट सांगितला नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, घरी कधी येते? सगळी उत्तरं तयार होती. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. ती रडलीही नाही. रस्त्याच्या कडेला सावली बघून उभी राहिली आणि म्हणाली, तुमच्या घरी मी महाग होती. इथं मी नुसती बिमार हाओ.

मी म्हटलं, म्हणजे काय?

ती म्हणाली, काई नाई. जेवून जा, रूपानं स्वयंपाक केला हाय.

जेवलो नाही. माझाही स्वाभिमान आहे. चालत बसस्टँडवर आलो, तिथं वडा खाल्ला. सांगितला त्या भावात.

बसमध्ये तिच्या बोलण्याचा अर्थ लावत होतो. इचोडा आलं तरी लागला नाही. तिथं आठवलं, तिचं आता एलडीएल किती उतरलं, हार्टचं काय म्हणतात, हे विचारायचं राहूनच गेलं. लगेच फोन लावला. लागेना. नंबर बंद आहे म्हणत होता. मग आठवलं, दवाखान्यात नर्सला ती नवीन नंबर सांगत होती. मी तेव्हा पेनच्या खोक्यावरची छापील किंमत वाचत होतो.

रूपाला लावला. तिनं उचलला नाही.